डोळ्यापुढचा आकडा

वहिनी विमानातून उड्या मारते असं सांगितलं की लोक आधी दादाच्या तोंडाकडे बघतात. दादा स्टुलावर चढून बल्ब बदलायलाही तयार नसतो. ही जोडी कुणी जमवली कोण जाणे.

वहिनी नुसती उडी मारत नाही, डोक्यावरच्या कॅमेऱ्याने बाकीच्यांचं चित्रण करते. हातात हात गुंफून पडणाऱ्यांभोवती फिरायचं आणि ठरलेली उंची आली की बाजूला होऊन पॅराशूट उघडायचं. मनगटावर उंचीचं घड्याळ असतं, पण त्याच्याकडे बघायला मान वळली की कॅमेराही वळतो आणि चित्रात स्वतःचं कोपर येतं. म्हणून कानाशी एक भोंगा लावतात. उंची आली की तो किंचाळतो. मागच्या वर्षी एका तापात वहिनीचे दोन्ही कान गेले. भोंगा किंचाळून मेला तरी तिला पत्ता लागणार नाही. क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, तिचं कॅमेरा घेऊन उडणं बंद केलं.

"साध्या उड्या मार की," दादा तिच्यासमोर येऊन म्हणाला. आता ती ओठ वाचते.

"कॅमेऱ्याशिवाय वर जाऊन काय वारा खाऊ?" असं म्हणून तिने कॅमेऱ्याची पिशवी माझ्या टेबलावर आदळली. "भाऊजी, ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं. उंची मला डोळ्यापुढे लिहून द्या."

मी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतो. लोक माझ्याकडे बंद पडलेले काटे आणतात, असलं काही कुणी मागत नाही. मला तर आभाळच ठेंगणं झालं. हेल्मेटच्या काचेआड, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा पडदा बसवला. त्याच्यापुढे भिंग, म्हणजे लांब बघणाऱ्या डोळ्याला आकडा लांबच असल्यासारखा वाचता यावा. हवेचा दाब मोजणारी चकती डाव्या कानाजवळच्या खोबणीत ठेवली, वर हवेपुरतं एक भोक असलेलं झाकण. वर हवा विरळ, खाली दाट, त्यावरून उंची. बरणीत ठेवून पंपाने हवा काढली, आकडा चढला. हवा सोडली, उतरला. लिफ्टमधून इतक्या फेऱ्या मारल्या की शेजारीण म्हणाली, "घरात भांडण झालंय का?"

पहिली उडी कॅमेऱ्याशिवाय होती. वहिनी खाली आली ती तोंड पाडूनच. "मधेच वेडं होतं. सरळ असले की मनगटाशी जुळतं. उजवीकडे वळले की पाचशे फूट जास्त दाखवतं."

"जास्त?" उस्ताद म्हणाले. "म्हणजे जमीन जवळ आली तरी हे म्हणणार, अजून वेळ आहे. हे यंत्र नाही, मारेकरी आहे." मग तिचा चेहरा बघून थोडे नरमले. "आणखी एकदा बघू. या वेळी कॅमेरा घेऊन, मी स्वतः बरोबर असेन. चुकलं तर हा विषय कायमचा बंद."

उजवीकडेच का? या प्रश्नाने माझी झोप उडाली. वळल्यावर डाव्या बाजूला वारा आपटत असणार, असं मी ठरवून टाकलं. वाऱ्याला वाट हवी म्हणून खोबणीच्या झाकणाला जास्तीची भोकं पाडली. पंखा लावला, फुगा फोडला, फुंकर मारमारून घसा कोरडा केला. आकडा ढिम्म. मी आणखी भोकं पाडली.

माझ्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असतात. उजेडात बारीक पडद्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत. त्या सकाळी दादा आत आला, नाक मुरडलं, "कोंदट किती रे!" म्हणाला आणि त्याने पडदा सरकवला. ऊन टेबलावर आलं. हेल्मेटमधला आकडा आठशे फुटांनी उडाला.

"ओढ पडदा!" मी ओरडलो. त्याने ओढला. आकडा खाली. "उघड!" आकडा वर. दहाएक वेळा त्याच्याकडून पडदा हलवून घेतला. वारा बिचारा उगाच बदनाम झाला होता. चकतीवर ऊन पडलं की ती बहकत होती. सकाळच्या उडीत उजवीकडे वळलं की डावी बाजू उन्हात यायची, एवढीच भानगड. आणि मी भोकं पाडून उन्हाला आणखी दारं उघडून दिली होती. जखम मांडीला, मलम शेंडीला!

मी हसत सुटलो. दादा पडदा धरून उभाच होता. "म्हणजे आता ती पुन्हा जाणार," तो म्हणाला. हे यंत्र जमू नये असं त्याला मनातून वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी कॅमेऱ्याच्या पिशवीच्या अस्तरातला काळा स्पंज कापून चकतीवर बसवला. त्यातून हवा जाते, ऊन जात नाही.

शेवटच्या परीक्षेला दादाही आला आणि आभाळाकडे पाठ करून उभा राहिला. सगळी पॅराशूट उघडली, हे मला त्याला तीनदा सांगावं लागलं.

मग शेडमध्ये सगळे चित्रण बघायला बसलो. उस्ताद आणि त्यांचे दोन सोबती हात धरून पडताहेत, चित्र जराही हलत नाही, वहिनीचं कोपर कुठे दिसत नाही. एकदम पडदा पांढराफटक झाला. मग पुन्हा माणसं, आणि ठरल्या उंचीला वहिनी बाजूला झाली.

उस्तादांनी चित्र थांबवलं. "हे पांढरं काय?"

"सूर्य," वहिनी म्हणाली. "अजून भरपूर उंची होती. म्हटलं, यंत्राला सगळ्या बाजूंनी ऊन दाखवावं. स्पंज खरा की खोटा, मला बघायचं होतं."

"मग? आकडा हलला?"

"पडत होते तेवढाच."

माझे डोळे भरून आले. उस्ताद उठले, पाठमोरे होऊन हेल्मेट खुंटीला अडकवता अडकवता काहीतरी पुटपुटले. वहिनीला त्यांचे ओठ दिसले नाहीत. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

मी तोंड उघडणार तोच दादा पुढे झाला. तिच्यासमोर उभा राहून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "म्हणाले, पुढच्या वेळी माझ्या चित्रात सूर्य नको."