धोबिणीची टाच

तोफेला गोड गाता येत नव्हतं असं नाही. पण तिचं नाव ज्या गाण्यांनी झालं, ती गोड गायची गाणीच नव्हती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली जर्मन नाटकांतली राजकीय गाणी, एक आवाज आणि एक पियानो, बाकी काही नाही. मास्तरांनी ती आपल्या भाषेत आणली आणि पियानोही तेच वाजवायचे. छापखान्याच्या कामगारांच्या हॉलमध्ये लोक शाईचे हात पुसत येऊन बसायचे, आणि ही घरमालकाशी भांडायला आल्यासारखी कमरेवर हात ठेवून गायची. तोफ हे नाव कामगारांनीच ठेवलं. नवऱ्याने ते घरीही चालवलं, जरा लांब उभं राहून.

मास्तरांचा नियम एकच. गाणारी अडली, हळवी झाली, तरी पियानो तिच्यासाठी थांबणार नाही. "मी थांबलो की तू रडशील," ते म्हणायचे, "तू रडलीस की लोक रडतील आणि मोकळे होऊन घरी जातील. मग विचार कोण करणार?" एकदा तिला भर कार्यक्रमात ठसका लागला, तर या गृहस्थांनी अख्खं कडवं तिच्याशिवाय वाजवून टाकलं. तिने बरेच दिवस अबोला धरला, आणि पुढे आयुष्यभर तीच गोष्ट कौतुकाने सांगितली.

त्यांचं गाजलेलं गाणं होतं धोबिणीचं. सेनापतीच्या कोटावरचा रक्ताचा डाग ती धूत राहते, आणि शेवटी तो 'पुन्हा धू' म्हणतो तेव्हा 'नाही' म्हणते. त्या 'नाही'नंतर पियानोचा एकच जाड, खालचा सूर वाजायला हवा. पण हॉलच्या पियानोची नेमकी तीच तार तुटलेली. दुरुस्तीला पैसे कुणाकडे होते? तेव्हा तोफेने त्या जागी बुटाची टाच जमिनीवर आपटली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की हा कष्टकऱ्यांच्या पावलांचा आवाज आहे. दोघं पोट धरधरून हसले. मग दुसऱ्या गावांतल्या मंडळ्या चांगल्या धडधाकट पियानोंवरसुद्धा तो सूर गाळून टाचा आपटू लागल्या.

मंडळी पांगली, मास्तर शाळेत संगीत शिकवू लागले, तोफ नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसली. आणि गेल्या वर्षी मास्तर गेले. जुन्या लोकांनी त्यांच्या आठवणीसाठी त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. पियानो दुरुस्त केला. वाजवायला मास्तरांची लेक. तोफेने सत्तरी ओलांडलेली, आवाज फाटलेला, गुडघा सुजलेला. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? धोबीण मीच गाणार, म्हणाली.

तालीम लेकीच्या घरी झाली. खाण तशी माती म्हणतात, इथे मात्र भलतंच. लेक लहान मुलांना पियानो शिकवायची आणि तसंच सांभाळून वाजवायची. तोफ दम घ्यायला अडली की बोटं हवेत धरून थांबायची.

"का थांबलीस?"

"तुम्हाला श्वास घ्यायचा होता ना, मावशी."

"मग घेऊ दे की मला धावता धावता. म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून देताना बघायला लोक येणार आहेत का? तसं व्हायचं असेल तर मी गातच नाही. तुझा बाप माझ्यासाठी कधी थांबला नाही."

लेकीने हात मांडीवर घेतले. "आमच्यासाठी तरी कुठे थांबले? माझ्या शाळेच्या कार्यक्रमात माझं वाजवणं संपायच्या आत उठून तुमच्या तालमीला जायचे. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण थांबायचं."

त्या तालमी तोफेच्याच होत्या. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ती कामाचं बोलायची. "शेवटचा सूर तू वाजव," ती म्हणाली. "आता पियानो धड आहे आणि माझा गुडघा नाही." लेकीने होकारार्थी मान हलवली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या रांगेतले बरेच जण काठ्या घेऊन आलेले. तोफेने सुरुवात झकास केली, आणि दुसऱ्या कडव्यात शब्द साफ विसरली. तोंड उघडं, आत काही नाही. तिने पियानोकडे पाहिलं. आता ही थांबणार, आणि लोक च्‌ च्‌ करणार.

लेक थांबली नाही. मान खाली घालून खडखड पुढे गेली, अगदी बापासारखी. तोफेला राग आला, आणि रागाने शब्द आले. अर्धी ओळ तिने गायलीच नाही, सरळ लोकांच्या तोंडावर फेकली. फाटलेला आवाज धोबिणीला शोभला. रडायला कुणाला सवडच मिळाली नाही.

मग शेवट आला. "नाही," तोफ म्हणाली आणि सुराची वाट पाहिली.

सूर वाजला नाही. पियानोपाशी लेकीने हात वर घेतले आणि टाच जमिनीवर आपटली.

टाळ्या थांबल्यावर पडद्यामागे तोफ खुर्चीत बसली. "सूर वाजव म्हणून सांगितलं होतं तुला."

"वाजवणारच होते," लेक म्हणाली. "पण हात आपोआप वर गेले. आमच्या घरच्या पियानोचे सगळे सूर धड होते, मावशी. तरी बाबा तो सूर कधी वाजवायचे नाहीत. तिथे आले की हात वर घ्यायचे आणि पाय आपटायचे. खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला यायचे. आजारपणात पलंगावर बसून मांडीवर बोटं चालवायचे, तेव्हाही तिथे थांबायचे. आई म्हणायची, वाजवा की तो एक सूर. तर म्हणायचे, तिथे माझं काम नाही, तिचं आहे."

तोफेने बूट काढला आणि गुडघा चोळत बसली. गाणं आता संपलं होतं, तेव्हा रडायला मास्तरांची हरकत नसती. ती पोटभर रडली, आणि लेक तिचं रडून होईपर्यंत शेजारी थांबली.