तिरका आरसा

आमच्या घरात वाकडी बसवलेली वस्तू एकच, पुढच्या खोलीतला आरसा. बसवलाय मीच. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, पण सपाटी तपासायच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय एक स्क्रू आवळला नाही. तरी येणारा-जाणारा विचारतो, "काय हो, आरसा असा कसा?" माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकतो.

ती खोली बायकोची. तिथे ती रिफ्लेक्सॉलॉजी करायची, म्हणजे तळव्यावरच्या ठरावीक जागा अंगठ्याने दाबायची. मागे रेलणारी खुर्ची, पायथ्याशी बुटकं स्टूल, तेलाची बाटली, धुतलेल्या टॉवेलांची चळत, बस्स. गल्लीत तिला 'पायवाल्या बाई' म्हणत आणि मला 'पायवाल्या बाईंचे मिस्टर'. बँकेतली कॅशियर यायची, शाळेच्या मुख्याध्यापिका यायच्या. दिवसभर दुसऱ्यांवर डाफरणारी माणसं इथे दहा मिनिटांत घोरायला लागत. कुणी मुकाट्याने रडून घेई. तिने मात्र कुणाला भलती आशा दाखवली नाही. "हे औषध नाही. मन हलकं होईल, झोप लागेल. दुखणं असेल तर आधी डॉक्टर गाठा," हे पहिल्याच दिवशी बजावायची.

मी दारातून टोमणा मारायचो, "काय, आज किती तळवे तुंबले होते?"

"तुमचं तोंड तुंबलं तर घरात शांतता होईल," ती म्हणायची.

तीस वर्षं तिने जगाचे पाय दाबले. तिचे कुणी दाबले नाहीत. मीही नाही. मला ते सुचलंसुद्धा नाही, याची आज लाज वाटते.

मग तिला कॅन्सर निघाला. औषधाची सलाइन सुरू झाली, केस गेले, झोप उडाली. नुसती छताकडे बघत पडून राहायची. विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो. भीती वाटते." माझी बायको आणि भीती! दुसऱ्या दिवशी तिला खुर्चीत बसवलं आणि स्टूल पुढे ओढलं. म्हटलं, "शिकव मला."

"अहो, हा पाय आहे, पाइप नाही!" पहिल्याच मिनिटाला ओरडली. माझं नख लागलं होतं. अंगठा वाकवा, सुरवंटासारखा पुढे सरकवा, घाई कसली झालीय तुम्हाला... आठवडाभर बोलणी खाल्ली. आठव्या दिवशी ती माझ्या हाताखाली झोपली. तोंड उघडं टाकून, चक्क घोरत. अर्धा तास मी जागचा हललो नाही. इतकं चांगलं काम आयुष्यात माझ्या हातून झालं नव्हतं.

तेव्हापासून दुपारी चारच्या ठोक्याला नखं कापून, हात धुऊन मी हजर. तिचा आजार डॉक्टरांच्या हातात होता. माझ्या हातात एवढंच होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

तीनेक महिन्यांनी म्हणाली, "आतला आरसा इथे लावा ना. तुमच्या स्टुलामागच्या भिंतीवर, कोपऱ्यात. जरा खाली. आणि एका कडेला ठोकळा घालून तिरका करा."

"तिरका? केस गेले आणि आता आरसा हवा, तोही तिरका?" बोलून गेलो आणि जीभ चावली.

ती हसली. "खिडकीतला उजेड माझ्यावर येईल."

बसवला बाबा. जाता-येता त्याच्याकडे बघून चरफडायचो. पण एक झालं, त्यानंतर तिच्या सूचना अगदी नेमक्या यायला लागल्या. "अंगठ्याखाली, जरा डावीकडे. हं, तिथेच. आता टाचेकडे या." म्हटलं, चला, हात बसला आपला. ती चालताना भिंत धरायची, पायातून चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

हॉस्पिटलात मी डॉक्टरांशी भांडतो, म्हणून लेकच तिला घेऊन जायची. अशाच एका सकाळी दोघी गेल्या आणि मी तो ठोकळा काढला. आरसा भिंतीला सपाट लावला, लेव्हल धरून पाहिली, काच पुसली. म्हटलं, उजेडासाठी एक दिवा लावून देऊ, पण हे वाकडं काम डोळ्यांसमोरून जाऊ दे.

चारला बसलो. तिचे पाय उशीवर उंच ठेवले. नेमकं बाटलीचं झाकण अडकलं. बाटली मांडीत धरून, मान खाली घालून मी ते पिरगाळत होतो. माझे खांदे हलत होते, एवढंच काय ते तिला पायांवरून दिसत असणार. पायांना अजून माझं बोटही लागलं नव्हतं.

"हं," ती म्हणाली. "तिथेच. आज हात छान चाललाय तुमचा."

मी वर पाहिलं. तिची नजर आरशावर होती. आरसा सरळ केल्यावर तिथून तिचे तळवे दिसत नव्हते, माझे हात दिसत नव्हते. नुसते खिडकीचे गज दिसत होते.

मी तिच्या करंगळीवर नख रुतवलं. पहिल्या दिवशी नख नुसतं लागताच ओरडलेली बाई. तिच्या पापणीचा केसही हलला नाही.

झाकण उघडलं एकदाचं. मग मी सगळं नेहमीसारखं केलं, दोन्ही पाय, पूर्ण अर्धा तास.

लेक स्वयंपाकघरात होती. तिला विचारलं, "आईच्या पायांना कळत नाही का गं काही?"

तिने मान खाली घातली. "औषधाने नसा बधिर झाल्यात, बाबा. दोन महिने झाले. आई म्हणाली, त्यांना सांगू नकोस. त्यांना करण्यासारखं तेवढंच आहे."

आयुष्यभर मी लोकांना टपटपणाऱ्या नळावरून झापलं. त्या दिवशी मोरीतला नळ पूर्ण सोडून तिथे खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय.

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी ठोकळा परत घातला. अगदी होता तसा.

चारला ती खुर्चीत बसली. आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काल सरळ होता ना हो?"

"स्क्रू ढिला होता. आवळला," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली. मग आरशात बघत तिने मान रेलवली. "अंगठ्याखाली. जरा डावीकडे."

मी अंगठ्याखाली, जरा डावीकडे दाबलं.

"बरं वाटतंय?"

"खूप," ती म्हणाली.