यंत्राच्या वाटणीचं ऑइल

जीपच्या ऑइलच्या दाबाचा काटा खाली झुकला, तेव्हा मार्लेनीच्या पोलक्यावर पान्ह्याचे दोन ओले गोल उमटले होते. वेळेआधी जन्मलेलं बाळ तिकडे पेरेइरा शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत, आणि ती इकडे डोंगरात, नवरा आणि सासरा यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली. सकाळी सिस्टरचा फोन आला होता. हेरोनिमो रात्रीपासून मधेच श्वास घ्यायचं विसरतो, टिचकी मारून आठवण करून द्यावी लागते. डॉक्टर म्हणतात, आता पेटी पुरे, आईच्या उघड्या छातीशी बांधू या, आईचा श्वास चालू असला की लेकराला आपोआप आठवतो. "लवकर या हं," सिस्टर म्हणाली. त्या 'हं'मध्ये काय होतं, ते मार्लेनीला लगेच कळलं.

"थांबव," सासरे लिसिमाको म्हणाले. "फाबेर, इंजिन बंद कर आधी."

फाबेरने जीप कडेला घेतली आणि खाली वाकून पाहिलं. मागे चिखलावर ओल्या ऑइलची धार वळणापासून इथपर्यंत आली होती.

कालच त्याने ऑइल बदललं होतं. शहरातल्या दुकानातून सगळ्यात महागाचा डबा आणला होता. पातळ, मधासारखं स्वच्छ, नव्या गाड्यांचं. रोज लेकराकडे जायचं, वाटेत जीपने दगा द्यायला नको, म्हणून. चर्चमध्ये मेणबत्ती लावावी तसं त्याने ते ओतलं होतं. पण जीप त्याच्या बापाहून थोडीशीच लहान. तिची सगळी हाडं झिजलेली, सांध्यासांध्यांत जुन्या जाड ऑइलचा गाळ बसलेला, त्या गाळावरच तिचं चाललेलं. पातळ ऑइल शिरलं, गाळ सुटला, आणि इंजिनाच्या मागच्या सीलमधून सगळं वाहून जायला लागलं.

"मीच गाढव," फाबेर चाकाला लाथ मारत म्हणाला.

"एकट्याने मान घेऊ नकोस," लिसिमाको म्हणाले. "झाकण मीच उघडून दिलं होतं. मला वाटलं, नातवासाठी जे चांगलं तेच घालावं."

"भांडण नंतर," मार्लेनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "बाबा, पुढे काय आहे?"

पुढे दोन मोठे चढ होते. कॉफी तोडणीचे दिवस, त्यामुळे गावातल्या बाकीच्या जीपा पोती भरून केव्हाच बाजाराला गेलेल्या. या चिखलात बस चढत नाही. चालत गेली तर अंधार पडला असता, आणि हेरोनिमोला अंधारापर्यंत वेळ आहे की नाही, हे कोणीच सांगितलं नव्हतं. जवळ होता तो फक्त आर्तेमोकाकांचा मळा. तिथून कॉफीची फळं सोलायच्या यंत्राची धडधड ऐकू येत होती. ती धावतच सुटली. टाके ओढत होते, तिने एका हाताने पोट धरलं होतं.

आर्तेमोकाका अंगणातच होते, गुडघ्यापर्यंत लाल सालींनी माखलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरचे डबे खाली उतरवले. एक करवतीच्या साखळीचं, चिकट. एक गिअरच्या पेटीचं, काकवीसारखं. एक यंत्राच्या मोटारीचं. आणि स्वयंपाकघरात सूर्यफुलाचं.

"सूर्यफुलाचं घाल, जीप तळून निघेल," ते म्हणाले.

"गिअरचं घाला," लिसिमाको धापा टाकत पोहोचले होते. "जाड आहे. गळणार नाही."

"गळणार नाही, आणि वरपर्यंत चढणारही नाही बाबा," मागोमाग आलेला फाबेर म्हणाला. "वरचे भाग कोरडेच फिरतील."

"काल तू पातळ घातलंस, आज मी जाड सांगतो, दोन्ही चूकच का?"

"मग बरोबर काय, ते तुम्हीच सांगा ना!"

मार्लेनीने डोळे पुसले. रडायला वेळ नव्हता.

"काका, तुमची मोटार दिवसभर कशावर चालते?"

"चाळीस नंबरवर. याच डब्यातल्या."

"तापते?"

"तापते तर. चहाचं आधण ठेवावं इतकी."

"आणि जुनी आहे?"

"माझ्या लग्नाआधीची."

"मग तेच द्या," ती म्हणाली. "आहे त्यात मिसळू. चढ संपेपर्यंत पुरलं तरी बास."

आर्तेमोकाकांनी डबा मात्र सोडला नाही. "पोरी, माझीही मोटार गळते. संध्याकाळपर्यंत तिला हेच पाजायचंय, दुसरं नाही माझ्याकडे. आजची फळं आज सोलली नाहीत तर आंबतील. वर्षाची कमाई आहे ती."

ते खोटं नव्हतं. मागे फळांचा ढीग होता, माणसाच्या उंचीचा. तिच्याजवळ त्यांना द्यायला काहीच नव्हतं, आणि मागायचं होतं ते सगळं. तिने हात जोडले नाहीत. नुसती उभी राहिली, आणि ओले गोल हळूहळू मोठे होत गेले. काकांनी नजर वळवली.

"पट्टा काढा मोटारीचा," लिसिमाको म्हणाले. "हँडल आहे ना यंत्राला? मी हाताने फिरवतो."

"तुम्ही? सूप पिताना चमचा थरथरतो तुमचा."

"मग सूप नका देऊ. हँडल द्या."

काकांनी डबा मार्लेनीच्या हातात ठेवला. "फिरवू दोघं आळीपाळीने. जा. आणि म्हाताऱ्याला परत न्यायला या, नाहीतर मी ठेवून घेईन."

मार्लेनी निघाली तेव्हा सासऱ्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली होती आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

अर्धा डबा इंजिनात ओतल्यावर पहिला चढ जीपने कण्हत काढला. काटा थोडा उठला, थरथरला, तिथेच राहिला. उतारावर फाबेरने इंजिन बंद केलं आणि जीप नुसती सोडून दिली. तेवढंच ऑइल वाचेल. वारा कानांत शिरत होता. दुसऱ्या चढावर इंजिनात काहीतरी ठणठणायला लागलं, पत्र्यावर हातोडी पडावी तसं. फाबेर पुटपुटत होता. आधी देवाला, मग जीपला, मग शिव्या, मग पुन्हा देवाला.

"थांबू का? उरलेलं ओतू?"

"ओत."

शेवटचा थेंबही त्याने झटकून घातला. ठणठण थांबली नाही, पण जीपही थांबली नाही. शहराच्या पहिल्या घरांपाशी काटा पुन्हा पडला, आणि या वेळी दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. इस्पितळाच्या फाटकात इंजिन एकदा कचकन आवळलं आणि कायमचं गप्प झालं. फाबेर स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. "जा तू," एवढंच म्हणाला.

सिस्टरने तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग पोलकं काढायला लावलं. पेटीचं झाकण उघडलं. हेरोनिमोचा रंग तिला आवडला नाही. सिस्टरलाही आवडला नसावा, कारण ती भराभर काम करत होती. नळ्यांसकट तिने त्याला उचललं, मार्लेनीच्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, वरून पट्टा घट्ट बांधला.

तो जणू नव्हताच. गरम भाकरीएवढंही वजन नव्हतं त्याला. आणि तो हलत नव्हता.

"सिस्टर..."

"तुमचा श्वास बघा आधी," सिस्टर म्हणाली. "पळत आलाय तुम्ही. अशा धापा टाकल्यात तर तो काय शिकेल? हळू. अजून हळू."

मार्लेनीने डोळे मिटले. आत घ्यायचा, सोडायचा. सगळं अंग ओरडत होतं आणि तिला सावकाश व्हायचं होतं. डोंगरातल्या कुठल्याही चढाहून ते कठीण होतं. आत घ्यायचा, सोडायचा. पट्ट्याखाली ती वाट बघत राहिली.

मग तिच्या बरगडीवर काहीतरी फुगलं. इतकंसं. खाली बसलं.

तिने पुढचा श्वास घेतला, आणि त्याच्यासाठी थांबली.