अकरावा सेकंद

भागिरथानं संमतीचा कागद न वाचताच दुमडला आणि तुरीच्या शेंगांच्या टोपल्याखाली सारून दिला.

"जितेपनी तिले कमी सुया टोचल्या काय? आता तरी सोडा माह्या लेकीले."

प्रसेनजितनं बहिणीकडे, साक्षीकडे पाहिलं. साक्षी म्हणजे घरातली दवंडीच. तिच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी ती दादाला आणायला किन्हीराजाच्या फाट्यावर गेली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात पुण्याला त्याच्या संस्थेत नवा महासंगणक सुरू होतोय, जुन्याच्या वीसपट वेगाचा! तेव्हापासून ती बातमी तिच्या जिभेवर नुसती नाचत होती. पण आधी आईची सही, मग बातमी, असं दोघांचं ठरलं होतं. मोठी बहीण मंजुषा सिकलसेलनं गेली, आणि आता घरच्यांच्या सहीशिवाय दादाला तिच्या रक्तावरचं काम पुढे नेता येणार नव्हतं.

"सुई नाई वं आई. एकदा पाहून तं घे!" म्हणत साक्षीनंच लॅपटॉप उघडून आईपुढे ठेवला.

पडद्यावर एक नस होती, केसाहून बारीक. तिच्यातून लाल पेशी एकीमागून एक घरंगळत होत्या. मध्येच एखादी विळ्यासारखी वाकडी होई.

"ताईचं रक्त हाय हे," प्रसेनजित म्हणाला. "मार्चात घेतलेलं. त्याची मापं कॉम्प्युटरले देली. नस कुठी तुंबते, काहून तुंबते, सारं इथं दिसते. कोनाले न दुखवता."

एका वळणावर पेशी अडकल्या. भागिरथाची बोटं आपोआप हलली, मांडीवर काहीतरी चोळू लागली. मंजुषाचे गुडघे ती अशीच चोळत बसायची.

"हे आत्ता चालू हाय?"

"हो. हजार-हजार कॉम्प्युटर एकाच कामाले जुंपले, तरी एका सेकंदाच्या रक्ताले दोन दिवस लागतात."

"किती झाले?"

"अकरावा सेकंद चालू हाय."

भागिरथानं एक शेंग उचलली, सोलली, दाणे हातातच राहिले.

"रक्त देल्लं तवा बाकड्यावर बसून हासून राह्यली होती. म्हने, आई, पहिले चहा पाज, मंग काय ते बोल." तिनं पडद्याकडे पाहिलं. "म्हंजे अजून चहा नाई पेली ती."

तसं नसतं, हे प्रसेनजितला सांगता आलं असतं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आन् पोळ्याचा दुसरा दिवस यायले किती लागन?" भागिरथानं विचारलं.

मंजुषा त्या दिवशी गेली होती.

हिशेब म्हटलं की साक्षीला कुठला धीर! मोबाइलवर तिची बोटं भराभर चालली.

"ऐंशी हजार वर्षांच्या वर!" ती ओरडलीच. आणि मग, आईचं तोंड पाहून, हळूच म्हणाली, "वर्षं, आई."

भागिरथानं पदराला हात पुसले. टोपल्याखालचा कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि एकेक अक्षर सुटं सुटं ठेवत सही केली.

"चालू दे मंग. पन घाई नोको करू बापा. असंच चालू दे, हळूहळू."

"हो," प्रसेनजित म्हणाला. कागदाची घडी त्याला काही केल्या नीट जमेना.

आईनं लॅपटॉप जवळ ओढला, उन्हात दिसेना म्हणून त्यावर पदर धरला.

प्रसेनजितनं साक्षीकडे पाहिलं. सही झाली होती. साक्षीचं तोंड उघडलं. मग तिनं आईनं सोललेले मूठभर कोवळे दाणे उचलले आणि एकदमच तोंडात कोंबले, बोलायला जागाच उरू नये असे.