छातीत दुखतं म्हणे

आमच्या ह्यांचा धंदा सामान बांधायचा. लोकांची बिऱ्हाडं खोक्यांत भरायची, चिकटपट्टी मारायची आणि परदेशी पाठवून द्यायची. फोन मी घेते. "काळजी करू नका, काचसामान वेगळं बांधू, मुलगा पोचायच्या आत खोकी पोचतील," हे मी इतक्या आयांना सांगितलंय की आता झोपेतही म्हणेन. एखादी रडायला लागली की हे मागून खुणा करतात, समजूत घाल म्हणून, नाहीतर ऑर्डर हातची जायची. पंख फुटले की पोरं उडणारच, आपण कशाला अडवा, असं गिऱ्हाइकांना ऐकवणारा हा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आमची बबडी दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेकडे परदेशी शिकायला गेली. आता ती सतरा वर्षांची आहे. शाळा संपली की परत यायचं, असं ठरलेलं होतं. शाळा संपत आली आणि हिचा फोन आला. मला इथंच राहायचंय, इथं लाकडी बोटी बांधायला शिकवतात, मला तेच करायचंय.

"बोटी?" हे ओरडले. "आपल्याकडे बदकाला पोहायला डबकं नाही आणि ही बोटी बांधणार!"

मीही ओरडले. खोटं कशाला बोलू, मला ती घरी हवी होती. ह्यांच्यापेक्षा जास्त हवी होती. तिच्या पलंगावर कुणी नुसती पिशवी ठेवली तरी माझं डोकं फिरायचं. फोनवर मी तिला जे जे बोलले त्यात कृतघ्न हा सगळ्यात मऊ शब्द होता. पण बोलले ते तिच्या तोंडावर बोलले. तिनंही तोडीस तोड ऐकवलं, शेवटी लेक कुणाची!

पुढच्या प्रवेशाला आईबापांपैकी एकाची सही पुरेशी होती. आमच्या घरात सही म्हणजे ह्यांची, मी त्यात कधी पडले नव्हते. ह्यांनी ठणकावून सांगितलं, सही मिळणार नाही. बबडी अडून बसली. हे तिच्याशी दुकानातून वेगळे फोन करून बोलायला लागले, तेव्हा मला वाटलं, बापलेक काय ते बघून घेतील. आणि मग एक दिवस ती अचानक म्हणाली, "येते." बस, एवढंच. मी हुरळून गेले. पोरीला अक्कल आली असं वाटलं. हे म्हणाले, "तिचं मन फिरायच्या आत आपण जाऊन घेऊन येऊ."

नणंदेच्या दारात पाऊल ठेवलं तर तिनं माझ्या हातातली बॅग हिसकावूनच घेतली. "वहिनी, तुम्ही काही उचलू नका." मला खिडकीजवळची आरामखुर्ची, पाठीला उशी, पायाखाली स्टूल. जेवायला बसले तर माझं पान वेगळं, कशातच मीठ नाही. बबडी विचारते, "जिना चढताना दम नाही ना लागला?" अरे, मी काय म्हातारी झाले की काय? मी तोंड उघडलं की हे मधे बोलायचे, "दमलीय ती, पडू दे तिला." मी स्वयंपाकघरात गेले की हे मागे, गॅलरीत गेले की तिथेही हे हजर. मला आणि बबडीला दोघींनाच असं एकटं बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबडीचं सामान बांधायला ह्यांनी खोकी काढली. आता, सामान बांधताना मालकाला खोलीत थांबू द्यायचं नाही, हा ह्यांचा धंद्यातला पक्का नियम. मालक समोर असला की एकेक वस्तू हातात घेऊन आठवणी काढत बसतो आणि काम दुप्पट होतं. म्हणून आधी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि दार लोटून घ्यायचं. इथंही ह्यांनी सवयीनं दोन्ही हात हलवले. "चला, बाहेर बसा, बाहेर बसा." नणंद कामावर गेलेली. बाहेरच्या खोलीत उरलो मी आणि बबडी. इतका वेळ डोळ्यांत तेल घालून राखण केली आणि शेवटी स्वतःच्या हातानं आम्हाला एकत्र बसवून आत गेले.

आतून चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज येत होता. बबडी मांडीवर हात ठेवून बसली होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं, हातोडी बसलेली. मला ते बघूनच राग आला.

"तोंड का पाडलंस? आपणहून येतेस ना?" मी म्हणाले.

"येतेय ना, आई. तू चिडू नकोस. छातीत दुखेल."

"कुणाच्या छातीत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबांनी सांगितलंय मला सगळं. तू रात्री उठून बसतेस, रडतेस. डॉक्टर म्हणाले, हिच्या मनाला लागेल असं काही करू नका, हृदय नाजूक झालंय. आत्यालाही माहीत आहे. तुझ्यापुढे बोलायचं नाही असं बाबा म्हणाले होते." मग अगदी हळू म्हणाली, "खरंय ना, आई?"

आतली चिकटपट्टी थांबली.

नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तेही नको, मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. पोरगी माझ्याबरोबर विमानात बसली असती, तिच्या पलंगावर झोपली असती, सकाळी चहासाठी मी तिला हाका मारल्या असत्या. मला ते इतकं हवं होतं की जीभ हो म्हणायला उचललीसुद्धा होती. पण तिच्या चेहऱ्यावरची भीती बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नावानं माझ्या पोरीला घाबरवलं होतं.

"मला काहीही झालेलं नाही," मी म्हणाले. "धडधाकट आहे मी. रात्री घोरते. विचार तुझ्या बापाला."

"मग मी राहते," बबडी म्हणाली.

माझं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

हे बाहेर आले. मनगटात चिकटपट्टीचं रीळ तसंच अडकवलेलं.

"लाज नाही वाटली?" मी उठलेच. "मला धडधाकट बाईला आजारी पाडलंत? मेले म्हणून कळवायचं होतंत, आणखी लवकर आली असती!"

"तुलाच हवी होती ना ती घरी?" हेही ओरडले. "तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यावर ढकलू नका! भांडायचं तर मी माझ्या तोंडानं भांडते."

"मग काय सांगायचं होतं मी तिला? माझ्या छातीत दुखतं म्हणून?"

"हो! तेच सांगायचं होतंत!"

हे वळून आत गेले आणि धाडकन दार लावून घेतलं.

मी बबडीकडून प्रवेशाचा कागद मागून घेतला आणि सही केली. रागानं अशी खरडली की बँकेनं ती सही परत पाठवली असती. बबडीचा चेहरा फुलला. ते तर मला अजिबात सहन झालं नाही.

"दात काढू नकोस," मी म्हणाले. "क्षणभर तरी थांबायचंस. आईला बरं वाटावं म्हणून तरी म्हणायचंस, विचार करते, उद्या सांगते. मी धडधाकट आहे म्हटल्याबरोबर 'मग मी राहते'! एवढी जड झाले मी?"

तिचं हसू मावळलं. "तू आजारी आहेस कळलं तेव्हाही मी थांबले नव्हते, आई," ती म्हणाली. "त्याच फोनवर येते म्हणाले होते."

मी सही केलेला कागद तिच्या हातात कोंबला.

"बसलीस काय माझ्यासमोर?" मी म्हणाले. "आत जा. तुझा बाप एकटाच आहे."