तुमचं वाक्य राहिलंय, साहेब

तुम्ही आमची बाटली फोडलीत, साहेब. जमिनीवर आपटली नाहीत, तेवढी काळजी घेतलीत. बूच काढलंत, एक तृतीयांश माल काढून घेतलात, वरून चिकटपट्टी मारलीत, शिक्का ठोकलात आणि ‘नमुना समाधानकारक’ असा कागद लावून परत दिलीत. समाधान कुणाचं झालं, ते कागदावर नाही. तपासणीला दोन चमचे पुरतात, हे तुमच्याच कचेरीच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिलंय. तुमच्या बाकड्यावर बसून बसून मला तो फलक पाठ झालाय.

शिव्या लिहायला बसलो होतो. एका माणसानं अडवलं. आधी तो माणूस कोण ते ऐका, मग मला काय विचारायचंय ते विचारतो.

त्याला आम्ही पॉलिश म्हणतो. धंदाच तो. जुनी कपाटं, खुर्च्या, एकदा तर पियानोसुद्धा. चपडी म्हणजे लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळायचा आणि लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत गोल गोल हात फिरवायचा. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्ही चौघं जमतो. तो, मी, माझा मेहुणा आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. मी छापखान्यात मशीन चालवतो, मेहुणा जहाजावर स्वयंपाकी आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांच्याही दाढा काढलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फार तोंड उघडत नाही. पॉलिशची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पीत नाहीत. नुसता वास घेतात आणि बहुतेक वेळा आमच्या आधी ओळखतात.

ज्या टेबलाशी आम्ही बसतो ते त्यानंच पॉलिश केलेलं आहे, आणि चपडीच्या पॉलिशवर दारूचा थेंब सांडला की ते विरघळतं. त्यामुळे टेबलभर पांढरी गोल वर्तुळं आहेत. लोकांची टेबलं आरशासारखी करणारा माणूस स्वतःच्या टेबलाला हात लावत नाही. वहिनी म्हणतात, "अहो, माणसं आली की मला चादर घालावी लागते." तो म्हणतो, "माणसं आली की चादर काढ. त्यांनीच केलंय ते."

आम्ही पितो ती स्कॉच दुकानाच्या दर्शनी फळीवरची नव्हे. स्कॉटलंडात काही मंडळी अशी आहेत, ज्यांचा स्वतःचा कारखाना नसतो. ती दुसऱ्याच्या कारखान्यातून एखादं पिंप निवडून घेतात, वर्षानुवर्षं सांभाळतात, आणि झालं असं वाटलं की तेवढंच पिंप बाटल्यांत भरतात. पाणी घालून पातळ करत नाहीत, रंग घालत नाहीत, शेजारच्या पिंपात मिसळत नाहीत. एका पिंपाच्या दोन-अडीचशे बाटल्या होतात आणि संपल्या की संपल्या. त्याच कारखान्यालाही तशी पुन्हा जमत नाही. बरं, कारखानदाराला आपलं नाव दुसऱ्याच्या बाटलीवर नको असतं. म्हणून लेबलवर पुष्कळदा भरणाऱ्याचं नाव असतं, पिंपाचा आकडा असतो, कारखान्याचं नाव नसतं. हे लक्षात ठेवा, साहेब. तुमचं घोडं इथंच अडलं.

आमच्या टेबलाचा नियम एकच. ज्यानं जीभ ओली केली त्यानं उठायच्या आधी एक वाक्य बोलायचं. ‘मस्त’, ‘भारी’, ‘स्मूथ’ हे शब्द बाद. जो म्हणेल, किंवा वाक्यच बोलणार नाही, तो सगळ्यांचे ग्लास धुणार.

आता गंमत अशी, की ज्याला त्याला आपापला धंदाच येतो वासात. मला प्रत्येक बाटलीत शाई येते. डॉक्टरीणबाईंना लवंगेचं तेल. मेहुण्याला काहीतरी करपलेलं, आणि ते करपलं त्याला तो कधीच जबाबदार नसतो. पॉलिशला मात्र भलत्याच ठिकाणचं येतं. एकदा म्हणाला, "नवी नवरी पहिल्यांदा आपली ट्रंक उघडते, तसा वास आहे."

"ती ट्रंक माझी होती," वहिनी आतून म्हणाल्या, "आणि तिच्यात डांबरगोळ्या होत्या."

"मग, त्यांचाच म्हणतोय मी."

असा तो. आम्ही प्यायला जमायचो हे खरं, पण त्याचं वाक्य ऐकायला जमायचो हे जास्त खरं.

गेल्या वर्षी मेहुण्यानं कुठल्याशा बंदरातून औषधाच्या बाटलीएवढी कुपी आणली. एकाच पिंपातला नमुना. चौघांत वाटल्यावर जेमतेम ग्लासचा तळ ओला झाला. आमची शाई, लवंग, करपणं बोलून झालं. पॉलिशनं रिकामा ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"वाक्य?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाही."

"नाही म्हणजे? आवडली नाही?"

"आहे वाक्य. येत नाहीये. पुन्हा घ्यावी लागेल."

पण कुपी संपली होती. त्या दिवशी पहिल्यांदा पॉलिशनं ग्लास धुतले. आम्ही खूप हसलो. त्यानंतर कितीतरी महिने तो एखाद्या कपाटाला हात मारता मारता थांबायचा आणि आपल्याशीच म्हणायचा, "जवळ आलं होतं."

मग नाकातून रक्त यायला लागलं. नाकाच्या मागं, घशाच्या वर, गाठ. डॉक्टरांनी सांगितलं, बरी होण्यासारखी आहे, पण रेडिएशन सुरू झालं की वास आणि चव जाणार. परत येईलही, नाही येणारही. दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, मी जगेन ना? यानं विचारलं, "म्हणजे जे काय हुंगायचंय ते आधी हुंगून घ्यावं, असं म्हणता?" डॉक्टर हसले. हा हसला नाही. घरी येऊन मेहुण्याला फोन लावला. "त्या पिंपातली एखादी बाटली अजून कुठं मिळते का बघ रे. माझं वाक्य राहिलंय."

मेहुण्यानं जहाजावरून जगभर निरोप पाठवले. शेवटी एका म्हाताऱ्या बाईच्या कपाटात एक निघाली. कारण ऐकल्यावर तिनं दिली. मेहुण्यानं ती आपल्या एप्रनमध्ये गुंडाळून जिवापाड सांभाळत आणली, आणि बंदरावर कस्टममध्ये तुमच्या टेबलासमोर उभा राहिला.

तुमचे शब्द त्यानं मला जसेच्या तसे सांगितले. "ज्यानं बनवली त्याचं नाव नाही आणि ज्याचं नाव आहे त्यानं बनवली नाही. ही बनावट आहे."

मेहुणा म्हणाला, "साहेब, पिंपाला आईबाप दोन्ही आहेत. फक्त आडनाव लावत नाहीत."

विनोद तुम्हाला रुचला नाही. बाटली तपासणीला गेली.

मग मी येत राहिलो. सुट्ट्या टाकून आलो. तुम्हाला सगळं सांगितलं. गाठ, रेडिएशन, राहिलेलं वाक्य, सगळं. सोमवारपासून रेडिएशनचे शेक सुरू होतायत, त्याच्या आधी एक घोट द्या, बाकीची ठेवा तुमच्याकडे, असंही म्हणालो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग शेक पुढे ढकला."

गाठ तुमच्या खात्यात नोकरीला नसते, साहेब. ती पुढं ढकलत नाही.

बाटली मिळाली तेव्हा शेक संपले होते. पॉलिश निम्मा झाला होता. गळ्याभोवती मऊ फडकं, आवाज घासलेला. जेवण म्हणजे त्याला ओला पुठ्ठा. वहिनींनी मुद्दाम कांदा चिरून त्याच्या नाकाखाली धरला होता. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. "डोळे तरी चालू आहेत," तो म्हणाला होता.

बाटली न्यावी की नाही यावर आमचं वाजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा छळ आहे. मेहुणा म्हणाला, "भावजी, लपवून ठेवली आणि त्याला कळलं तर?" त्याला कळलंच. त्यानंच बोलावलं. आम्ही गेलो तर टेबल पुसून ठेवलेलं, ग्लास मांडलेले. शेकांनी त्याचं तोंड आतून सोललेलं होतं, त्याला थेंबही चालणार नव्हता. तरी त्याच्यापुढंही ग्लास होता.

त्यानं चिकटपट्टी काढली. बाटली उजेडात धरून किती उरलीय ते बघितलं. आम्हा तिघांना बोट बोट ओतली, स्वतःच्या ग्लासात थोडी.

आम्ही प्यायलो. मला दोन दिवस आधीपासून वाक्य तयार होतं. म्हणालो, "डोंगरामागं सूर्य गेल्यावरही खडक ऊन धरून असतो, तशी आहे."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी फुलांच्या बागेचं सांगितलं. मेहुण्यानं समुद्रावरची पहाट काढली.

पॉलिश आमच्या तोंडांकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझी शाई कुठं गेली?"

मी ग्लास टेबलावर फिरवायला लागलो.

"आणि बाई, तुम्ही कधीपासून बागेत जायला लागलात? हा तर पहाटेला कांदे सोलत असतो, ह्यानं पहाट बघितलीय कधी? मला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही. असलं मला नको. मला काही येत नाहीये. तुम्हाला येतंय ते खरं खरं सांगा, नाहीतर ग्लास धुवा आणि घरी जा."

पुन्हा एकेक घोट घेतला. या वेळी कुणाला घाई नव्हती.

"शाई," मी म्हणालो. "पण वाळलेली नाही. मशीनमधून पहिला कागद निघतो, हातात गरम असतो, आणि आपण अजून चूक शोधलेली नसते. तेव्हाची."

त्यानं डोळे मिटले. "हां. पुढं."

"लवंगेचं तेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ठणका थांबल्यावर मागं राहतं ते. पेशंट जबडा चाचपून बघतो आणि त्याचा विश्वास बसत नाही."

"करपलंय," मेहुणा म्हणाला. "आणि या खेपेला कबूल करतो, मीच करपवलंय. तळाची खरवड पोरांना आवडते म्हणून."

वहिनी दारात उभ्या होत्या. आल्या, त्याच्या ग्लासात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. आजवर कधी लावली नव्हती. खोकल्या. मग म्हणाल्या, "ट्रंक नाही ही. ट्रंक पूर्ण रिकामी केली ना, की खालचं लाकूड येतं, तसं."

पॉलिशनं डोळे उघडले. मग त्यानं ग्लासातले थेंब तळहातावर घेतले आणि दुसऱ्या हातानं चोळायला लागला. धंद्यात पॉलिशचा माल असाच बघतो तो. स्पिरिट उडून जातं, मागं काय उरतं ते बोटांना कळतं.

"गार लागली," तो म्हणाला. "मग ऊब आली. आणि आता सगळं उडालं तरी हात सोडत नाहीये."

"झालं की वाक्य," मी म्हणालो.

"अर्धं. हे हाताचं झालं, तोंडाचं राहिलं." त्यानं बाटलीकडे बोट केलं. "ह्यातली आपण बोट बोट घेतली. वरची एवढी कुणी घेतली?"

मग मात्र माझा तोल सुटला. तुमच्याबद्दल जे बोललो ते इथं लिहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओतून दिली असेल मोरीत. मेहुणा म्हणाला, एवढी ओतून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

पॉलिशनं हात वर केला. "शिव्या नको देऊ रे. त्यानं प्यायली ना? मग तो आपल्या टेबलावरचा झाला. वाक्य न बोलता उठलाय, एवढंच. आपण चार-पाच जण एकाच माळेचे मणी, एकमेकांचे वास आपल्याला पाठ. तो परका आहे. त्याला काय आलं ते मला पाहिजे. विचार त्याला."

उरलेली बाटली त्यानं बूच लावून कपाटात ठेवलीय. चव परत आली तर त्याची. नाही आली, तर तुमचं वाक्य ऐकून मग ती आम्ही संपवायची, असं त्यानं ठरवलंय. तोवर कुणी हात लावायचा नाही. टेबलावर त्याच्या ग्लासाचं नवं वर्तुळ उमटलंय, वहिनींनी त्याच्यावर चादर घातलेली नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते माझं काम नाही आणि मला जमणारही नाही. पण ज्याचा घोट तुम्ही घेतलात तो माणूस तुमच्यावर रागावलेला नाही, उलट तुमची वाट बघतोय. मला तर त्याचाच जास्त राग येतो. तपासणीचा कागद परत पाठवू नका. नियम, कलम, फलक काही सांगू नका. नवा अर्ज करा म्हणू नका. दार बंद करून तुम्ही ती ओतून घेतलीत, पहिला घोट घेतलात, तेव्हा तुम्हाला कशाचा तरी वास आला असणार. कचेरीचा आला असेल, आईचा आला असेल, आणखी कुठला. तो सांगा. ‘स्मूथ’ लिहिलंत तर ग्लास धुवायला यावं लागेल, आणि ते मी तुमच्याकडून धुऊन घेईन.

बोला, साहेब. कशी लागली?