बिब्याचे डाग

डॉक्टरीणबाईंनी बनूची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, तशी तिची आई गोजरबाई स्टुलावरून उठून उभी राहिली.

"तारुण्यपिटिका आज ना उद्या जातील. पण हे डाग त्यांचे नाहीत. हे पोळलंय." बाईंनी गालावरच्या काळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "बिबा लावलात?"

गोजरबाईनं पदराचं टोक मुठीत घेतलं. राहुरीचे पाहुणे मुलगी बघायला येणार, म्हणून तिनंच दाभणाला टोचलेला बिबा दिव्यावर धरला होता आणि सुटलेलं तेल एकेका पुटकुळीला टेकवलं होतं. टाचेची भेग बिब्यानं भरते, मोडलेला काटा बिब्यानं निघतो. मग पुटकुळीनंच काय घोडं मारलं होतं? पण बिबा उतला. गाल टरारून सुजला. येऊ नका म्हणून पाहुण्यांना निरोप धाडावा लागला.

"कोणी लावला?"

गोजरबाईचे ओठ हलले.

"मीच," बनू म्हणाली.

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" बाई चिडल्या. "आपल्या सावळ्या कातडीला इजा झाली की मागं काळं राहतं. कडक औषध दिलं तर आणखी काळवंडेल. म्हणून हे हलकं मलम. डाग फिके व्हायला वर्ष लागेल. खड्डे मात्र राहतील. आणि उन्हात जाऊ नकोस."

"दुष्काळी कामावर हाय मी, बाई. खडी काय सावलीत फोडत्यात व्हय?"

बाईंना हसू आलं. "मग तोंडाला फडकं बांध."

बाहेर लिंबाखाली आल्यावर गोजरबाई म्हणाली, "माजं नाव का न्हाई घेतलंस?"

"घेतलं असतं तर गाल पयल्यावानी झाला असता का?"

"बोलनी तरी मला बसली असती."

"व्हय. तुला जरा बरं वाटलं असतं."

बनूच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं नळावर तोंड धुतलं, ओच्यानं टिपलं आणि मलमाची डबी उघडून आईपुढं धरली.

"तूच लाव की गं," गोजरबाई म्हणाली. "माजा हात नगं."

"मंग मला आरशात बघाया लागंल."

गोजरबाईनं बोट पदराला पुसलं. मग पुन्हा पुसलं. बनू तोंड पुढं करून थांबली होती.